सासऱ्यांचा अर्धा अंगठा

नाही नाही मॅडम, त्या दारातून नाही, ते दार उघडत नाही. म्हणजे दार आहे, कडी आहे, बिजागऱ्या आहेत, दर आठवड्याला मी ते पुसतेसुद्धा — पण मागे भिंत आहे. या घराला बाहेरून अकरा दारं दिसतात आणि उघडतात सहा. आणि ह्या समोरच्या सोळा खिडक्या मोजल्यात ना तुम्ही आत्ता? मोजताना बघितलं मी, ओठ हलत होते तुमचे. त्यातल्या पाच नुसत्या रंगवलेल्या आहेत. ती वरची डावीकडची, अर्धा पडदा सरकवलेली — पडदाही रंगवलेला, दोरीही रंगवलेली. झालं काय, की घर बांधणाऱ्या थोरल्या मालकांना शेजारच्या मळेवाल्यापेक्षा जास्त खिडक्या पाहिजे होत्या, आणि त्या शेजाऱ्याच्या होत्या पंधरा. आता आत कुठे जिना आला, कुठे कपाट आलं, खिडकी काढणार कुठून? मग बोलावला रंगारी. पाहुणे विचारायचे, ती खिडकी कधीच कशी हो उघडत नाही? तर थोरले सांगायचे, तिथे आमच्या आईसाहेब झोपलेल्या असतात. आईसाहेब वारल्या, तरी पुढे पंधरा वर्षं तिथे झोपतच होत्या. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तर इथे वासे भक्कम आहेत, बाकीच्याचं मी काही सांगत नाही.

या, पायरी सांभाळा, तिसरी हलते. हलते म्हणजे हलू दिलीय — चोराला कळत नाही, आम्हाला कळतं. आम्ही म्हणजे आता मी एकटीच. अडतीस वर्षं झाली मला या घराच्या किल्ल्या कमरेला लावून. त्याआधी सासूबाईंकडे होत्या. मालक मंडळी शहरात, वर्षातून एकदा येतात, नाकाला रुमाल लावून फिरतात आणि जातात. पण एक आहे, आताच्या मालकांनी मला शब्द दिलाय — मावशी, हे घर उभं आहे तोवर तुमच्या मागच्या तीन खोल्या तुमच्या. चांगला आहे हो मुलगा, रंगवलेल्या खिडकीसारखा — दिसायला छान, उघडून बघायचा नाही. कारण तोच आता हे सगळं त्या हॉटेलवाल्याला द्यायला निघालाय. हॉटेलवाला येऊन गेला ना मागच्या महिन्यात. माझ्या खोल्यांसमोर उभा राहून म्हणतो, हे पाडून इथे पोहायचा तलाव. मी चुलीवरचं दूध उतरवत होते. म्हटलं, मला पोहता येत नाही, आधी मला बाहेर तरी पडू द्या.

म्हणून तर तुमची वाट बघत होते. तुमच्या जुन्या वास्तूंच्या खात्याचा कागद आला की कुणाच्या बापाची टाप नाही वीट हलवायची — असंच ना? दोनशे वर्षांपुढचं घर असलं तर. असं तुमचे ते आधीचे साहेब सांगून गेले, ते टकलू, बोलताना डोळे मिटणारे. आणि काय म्हणाले माहितीये — एकदा का कागद झाला, की जो भाग सगळ्यात जुना ठरेल तिथे विस्तव पेटवायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, कुणी राहायचंही नाही. मला इतकं हसू आलं. म्हटलं साहेब, मोठ्या घरात विस्तव पेटवतंय कोण, आणि राहतंय कोण? वटवाघळं राहतात माळ्यावर, त्यांना तुम्ही समजावा. माझं काय जातंय, माझी चूल मागे गोठ्यात.

हां, हे बघा, हाच तो. दारावरचा दगड. दिवा लावा तुमचा, साल नीट दिसेल. दोनशे चौदा वर्षं होतात हिशेबाने, मी शाळेतल्या मास्तरांकडून दोनदा करून घेतलाय. आणि कोरीवकाम बघा, बाजूला गव्हाची ओंबी, इकडे बैलाचं तोंड — एक शिंग तुटलंय, ते नंतर झालं, चढवताना. म्हणजे — आपलं — काहीतरी चढवताना, शिडीबिडी. दगड पहिल्यापासून इथेच आहे. घर उभं राहिलं तेव्हापासून. मी सांगते ना.

तो खड्डा होय? काय नजर आहे हो तुमची. तो खड्डा नाही, अंगठा आहे. ही आमच्या घरातली पद्धत — माझ्या सासरचे सगळे गवंडी, चार पिढ्या या मळ्यावर. काम झालं, की गिलावा ओला असतानाच खाली कोपऱ्यात गवंड्याने उजव्या हाताचा अंगठा दाबायचा. लिहिता कुणाला येत होतं? अंगठा हीच सही. मळ्यात फिरा तुम्ही, विहिरीत, धान्याच्या कोठारात, घोड्यांच्या पागेत, सगळीकडे आमची माणसं सापडतील. पसरट, चमच्यासारखा अंगठा दिसला की पणजसासरे. उथळ, घाईघाईत दाबलेला दिसला की आजेसासरे, त्यांना जेवायची घाई असायची. आणि हा असा अर्धाच, नखाच्या जागी नुसता गोळा — हे माझे सासरे. चारा कापायच्या यंत्रात पुढचं पेर गेलं. डॉक्टरने पट्टी बांधली तर हे म्हणाले, बरं झालं, आता माझी सही कुणी चोरू शकत नाही. कारण नियम फार कडक हो. जो दगड स्वतः बसवला, त्याच्याच खाली अंगठा. दुसऱ्याच्या कामावर अंगठा दाबणं म्हणजे दुसऱ्याच्या पोराला आपलं नाव लावणं, असं म्हणायचे ते.

हो. म्हणजे, हो, हा त्यांचाच आहे. या दगडाखाली. तेच तुम्ही बघताय, की दगड दोनशे चौदा वर्षांचा आणि अंगठा माझ्या सासऱ्यांचा. अहो डागडुजी. कडेचा चुना पडला असेल, भरला असेल, दाबला अंगठा. तेवढ्याला काय नियम बघायचा? घर तर पणजसासऱ्यांनीच बांधलेलं आहे, तिकडे जोत्यात त्यांचा चमचा आहे, दाखवते — काय? चार पिढ्यांत दोनशे चौदा वर्षं कशी बसतात? आमच्यात माणसं फार जगायची, मॅडम. चला, जेवणघर बघा, खरी गंमत तिथे आहे.

ही भिंत बघा खोलीच्या मधोमध. थोरल्या मालकांचे दोन मुलगे, एकमेकांशी एकतीस वर्षं बोलले नाहीत. कशावरून? एका घोडीवरून. ती घोडी तिसऱ्याच वर्षी मेली, पण भांडण राहिलं, कारण भांडणाला चारा लागत नाही. घर वाटायचं ठरलं, दोरी धरली दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, आणि दोरी गेली बरोबर त्या भिंतीतल्या शेकोटीवरून. दोघेही मागे हटेनात. शेवटी आजेसासऱ्यांना सांगितलं, बांध. त्यांनी बांधली. अर्धी शेकोटी याला, अर्धी त्याला, धुराडं एकच. मग काय, थोरल्याने जाळ केला की धूर धाकट्याच्या ताटात, धाकट्याने केला की थोरल्याच्या. एकतीस वर्षं दोघे भाऊ एकमेकांच्या धुराने खोकत जेवले, पण बोलले नाहीत. आणि हे इथे, गुडघ्याच्या उंचीला, भोक दिसतंय? हे जावांचं. आजेसासऱ्यांना गुपचूप सांगून ठेवून घेतलेलं. इकडून मिठाची वाटी जायची, तिकडून घरातली बातमी यायची. नवरे समजत होते उंदराचं बीळ आहे. मोठ्या घरात मला सगळ्यात आवडतं काय विचाराल तर हे भोक. याला कागदावर घ्या तुम्ही. घ्याच.

वर घड्याळाचा मनोरा आहे, पण वर जायला नको, पायऱ्यांना वाळवी लागलीय. आणि घड्याळ तिथे नाहीच. मालकांनी खालूनच हातातली काठी डोळ्यासमोर धरून माप घेतलं, गवंड्याला विचारायचं कशाला, आपण शिकलेले. घड्याळ आलं ते मनोऱ्यापेक्षा हातभर मोठं. चार बैल लावून आणलेलं, चार बैल लावून परत कोण नेणार? कोठारात आडवं टाकलंय. माझ्या कोंबड्या त्यात अंडी घालतात, साडेतीनच्या आसपास.

दमलात ना? चला मागे, चहा टाकते. या अशा अंगणातून. हा गोठा, लांबच्या लांब — इकडच्या टोकाला गाई होत्या, आता दोनच उरल्यात, आणि त्या टोकाला आमच्या तीन खोल्या. वाका, दार ठेंगणं आहे. बसा त्या बाकावर, चुलीजवळ बसा, इकडे वारा लागतो. हा वारा म्हणजे माझा जन्माचा शत्रू. बघा ना वर, चौकटीवर — लाकडाची फळी दिसतेय? वीतभर तोकडी आहे. त्या फटीत मी अडतीस वर्षं चिंध्या कोंबतेय. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ना, त्या सगळ्या इथे वर आहेत. थंडीत तर असा बोचरा झोत येतो की भाकरी फुगायच्या आत गार. सासऱ्यांना मी किती वेळा म्हटलं, मामंजी, दगड काढून तिकडे नेलात ते नेलात, निदान फळी तरी मापाची घालायची होती. तर म्हणायचे, मालकांना घाई होती, पाहुणे यायचे होते, मोठ्या घराचा वरचा दगड पावसाने तडकला होता, आणि मालक म्हणाले, तो गोठ्यावरचा कोरलेला काढा आणि इकडे चढवा, गाईंना कुठे वाचता येतं —

साखर किती घालू?

साखर हो. दोन चमचे? एक? — असं काय बघताय माझ्याकडे. कुठला दगड म्हणजे? मी कुठे दगड म्हटलं. फळी म्हटलं मी. बरं, म्हटलं असेन. मागे एक दगड होता, साधा, पाट्यासारखा. कोरलेला म्हटलं का मी? म्हातारपणी जिभेला हाड राहत नाही — म्हणजे तसंही कुणाच्याच नसतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे सासूबाई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. तुम्ही लिहू नका हो ते. टेप काढू नका. अहो बसा, चहा उकळतोय. चौकट मोजून काय होणार — तिकडच्या दगडाएवढीच भरेल, म्हणून काय झालं? चौकटी काय सगळ्या सारख्याच असतात.

भरली ना. मी सांगितलंच होतं.

बरं, ऐका आता. हात दाखवून अवलक्षण झालंच आहे, तर पुरतं ऐका. ही खोली आहे ना, हेच पहिलं घर. मालकांच्या वाडवडिलांकडे मळाही नव्हता तेव्हा, दोन बैल होते आणि हा एवढा तुकडा. इथेच राहायचे, इथेच शिजवायचे, त्या कोपऱ्यात बाळंतपणं व्हायची. दोनशे चौदा वर्षांपूर्वी हातात पहिल्यांदा काही आलं, म्हणून दारावर दगड कोरून बसवला — ओंबी आणि बैल. बैल का, हे तुमच्या त्या डोळे मिटणाऱ्या साहेबांना तिकडे उलगडेना. म्हणाले, एवढ्या मोठ्या घराच्या दारावर बैल कसा, सिंह असायला हवा. मी गप्प बसले. तेव्हा बरी गप्प बसले. मग मळा वाढला, मोठेपणा वाढला, समोर ते सोळा खिडक्यांचं बांधलं, आणि या घरात गाई बांधल्या. ते मोठं घर शंभर वर्षांच्या वर असेल, दोनशेच्या जवळपासही नाही. आणि गाई कमी झाल्या तशा या टोकाच्या तीन खोल्या गवंड्याला दिल्या. म्हणजे गाईंच्या नंतर आम्ही. मला त्याचं काही वाटत नाही, गाई चांगल्या शेजारणी असतात, भोकातून डोकावत नाहीत.

आता सांगा, काय होणार? मी काही शिकलेली नाही पण एवढं कळतं. मोठं घर दोनशेच्या आत भरलं, ते हॉटेलवाल्याला मोकळं. आणि हे सगळ्यात जुनं ठरलं — विस्तव नाही, खिळा नाही, राहायचं नाही. मोठं घर त्याला, गोठा तुम्हाला आणि मला रस्ता. आणि हे कुणी केलं? मीच केलं, चहा टाकता टाकता. वाऱ्याची तक्रार करायची हौस. अडतीस वर्षं सहन केला, अजून अर्धा तास केला असता तर मेले नसते.

नाही, तिथे नाही. मॅडम, ते हत्यार ठेवा खाली. गिलावा खरवडून आतला दगड बघायचा असेल तर पलीकडे बघा, गव्हाणीच्या बाजूला, दगडच दगड आहे सगळा. चुलीच्या वरची भिंत नाही. का म्हणजे, नाही म्हणून. — बरं, दिवा जवळ धरा. अजून जवळ. दिसलं? हा आमच्या ह्यांचा. मधोमध चीर आहे बघा, थापीने कापला होता लग्नाच्या वर्षी. ही भिंत त्यांनी शेवटची केली. तेव्हा हात थरथरायला लागला होता, थापी धरवत नव्हती. चुना मी मळला, थापला मी, ओळंबा मी धरला, ते त्या बाकावर बसून नुसते सांगत होते — खाली घे, वर घे, तिथे पोट आलंय. माझ्या पोटाबद्दल बोलताय की भिंतीच्या, म्हटलं मी. हसले. आणि झाल्यावर म्हणाले, तू लाव अंगठा, काम तुझं आहे. मी म्हटलं, बायकांनी कधी लावलाय? सासूबाई अजून होत्या, त्या तिथून बघत होत्या. मीच त्यांचा हात धरला आणि दाबला भिंतीवर. दुसऱ्याच्या कामावर अंगठा — त्यांनी आयुष्यात एकदाच हे केलं, तेही मी करायला लावलं. पुढच्या महिन्यात गेले. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी मी माझा अंगठा त्यात ठेवते. बरोबर बसत नाही, माझा बारीक आहे. तरी ठेवते.

तर ते तुम्ही खरवडणार, आत दगड किती जुना आहे ते बघायला. दगड जुना आहे, मी सांगते ना. लिहून घ्या माझं नाव घालून. नावाला अंगठा पाहिजे असेल तर तोही देते, शाई आणा.

लिहिलंत? सगळं? — ते बैलाचंही? बरोबर आहे, लिहायलाच पाहिजे तुम्हाला. खोटं लिहा असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं तो दगड तिकडे खोटं बोलत उभा आहे, त्याचंही शिंग मोडलं चढवताना. तुमचं काही मोडायला नको, लेकीच्या वयाच्या आहात.

माणसं कधी येणार मग, खरवडायला आणि मला काढायला? पावसानंतर. म्हणजे चार महिने. बरे आहेत चार महिने. भट्टीवाल्याकडे चुना सांगून ठेवते उद्याच, भिजवून मुरायला महिना लागतो. वाळू कोठारात आहे. दाराच्या बाजूची भिंत मला अशीही करायची होतीच, ओल धरलीय तिने. आणि वरची फट बुजवते एकदाची, मापाचा दगड शोधून. एकटीने होईल हो, ओळंबा खुंटीला बांधायचा. काम माझं असेल, तर खाली अंगठाही माझाच असेल, आता बघायला सासूबाई नाहीत. तुमच्या माणसांना सांगून ठेवा, आल्यावर मोजताना इथे आमच्यातला पाचवा अंगठा सापडेल, बारीक, ओला असला तर हात लावू नका म्हणावं.

चहा गार झाला तुमचा. दुसरा टाकणार नाही आता मी. वही घ्या, दिवा राहिला तिकडे तो घ्या, तिसरी पायरी लक्षात ठेवा. आणि दार ओढून घ्या जाताना. हळू ओढा, वरच्या चिंध्या पडतात.